सबवूफर जोडला पण वाजतच नाही, नाहीतर नुसता घुं करत बसतो: मी कुठून सुरुवात करतो

रविवारी दुपारी जेवण करून जरा आडवा झालो की फोन येतो. "अरे नवीन रिसीव्हर घेतला, सब जोडला, पण काही आवाजच नाही, चक्कर मारतोस का?" नातेवाईक, बिल्डिंगमधले, ऑफिसमधले धरून हे इतक्यांदा झालंय की आता मी निघताना खिशात एक केबल टाकूनच निघतो (कुठली ते पुढे सांगतो). माझा धंदा नाही हा, हौस आहे. (सब म्हणजे सबवूफर, फक्त खालचा जाड आवाज म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर; रिसीव्हर म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा होम थिएटरचा डबा.) पण दहातल्या सात-आठ वेळा सब बिघडलेला नसतोच, त्याच्यापर्यंत आवाज पोचतच नसतो, आणि लोक मात्र तोवर सब उचलून दुकानात न्यायच्या तयारीत असतात.

आधी लक्षण नीट बघा. "चालत नाही" एवढ्यावर काही कळत नाही.

- सबचा दिवा लागतो पण आवाज शून्य.
- सिनेमात दणका येतो पण गाणी लावली की गप्प.
- जोरात असताना वाजतो, आवाज कमी केला किंवा संथ सीन आला की झोपतो आणि मग उठतच नाही.
- बाकी सगळं शांत असताना पण घुं... असा एकसुरी आवाज.
- सबच्या शेजारी उभं राहिलं तर ऐकू येतो, सोफ्यावर बसलं की बेस गायब.
- टर्रर, खरखर, कागद फाटल्यासारखा आवाज.
- दिवाच लागत नाही.

पहिली तीन लक्षणं जवळजवळ कायम सेटिंग किंवा केबलची. चौथं अर्थिंगचं. पाचवं खोलीचं. शेवटची दोन असतील तर मात्र सब खरंच आजारी असू शकतो.

सगळ्यात आधी, हा सब पॉवरवाला आहे ना?

हे विचारायला लाज वाटते पण इथेच अर्धे लोक अडकतात. सबच्या पाठीमागे बघा. विजेची वायर, व्हॉल्यूमचा नॉब, आरसीएची गोल खोबण असेल तर तो ॲक्टिव्ह, म्हणजे अँप्लिफायर त्याच्या पोटातच आहे. आणि मागे फक्त दोन वायरी लाल-काळ्या असतील, विजेची वायर नसेल, तर तो पॅसिव्ह. जुन्या डीव्हीडीवाल्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सब) सेटमधले खूपसे सब असे असतात. त्यांचा अँप त्या डीव्हीडी प्लेयरच्या डब्यात होता. प्लेयर मेला, लोकांनी नवा रिसीव्हर आणला, सब चांगला आहे म्हणून तोच ठेवला, आणि स्पीकरची वायर सोलून आरसीए पिनला गुंडाळून रिसीव्हरच्या सब आउटमध्ये खुपसली. वाजणार कसा? त्या खोबणीतून फक्त बारीक सिग्नल बाहेर येतो, ताकद नाही येत. मध्ये वेगळा अँप लागतो.

काहीजण हुशारी करून तोच पॅसिव्ह सब समोरच्या स्पीकरच्या टर्मिनलला जोडून देतात, एकाच जागी दोन दोन वायरी. ६ ओहमचा स्पीकर आणि ६ ओहमचा सब समांतर जोडले की रिसीव्हरला ३ ओहम दिसतात, बहुतेक घरगुती रिसीव्हर एवढा भार धरून चालत नाहीत. आवाज वाढवला की तो गरम होऊन प्रोटेक्शनमध्ये जातो, खटकन बंद. मग लोक म्हणतात रिसीव्हर खराब निघाला.

सब अमेरिकेहून आला असेल तर अजून एक गोष्ट, बोर्डात घालायच्या आधी. मागे स्टिकर वाचा. ११५ किंवा १२० व्होल्ट लिहिलंय आणि बाजूला निवडायचं बटण नाही, तर आपल्या २३० मध्ये डायरेक्ट लावू नका. बटण असेल तर आधी ते २३० कडे सरकवा. एका ओळखीच्यांच्या जावयाने न्यू जर्सीहून सामानात खास सब आणला होता, इथे नुसती पिन बदलून लावला, एक फट् आणि वास. नशीब असेल तर फ्यूजवर भागतं, त्यांचं नव्हतं.

आता फुकटातल्या गोष्टी

मागचा मेन स्विच ऑन आहे का. ऑटो आणि ऑन असं बटण असेल तर तपासेपर्यंत ऑनवर ठेवा, ऑटोवर नको, नाहीतर तो झोपलाय की आवाज येत नाहीये हेच कळत नाही. व्हॉल्यूम नॉब निम्म्यावर. क्रॉसओव्हरचा नॉब (सबने किती वरपर्यंतचा आवाज वाजवायचा ते ठरवणारा) पूर्ण उजवीकडे, किंवा एलएफई (सिनेमातल्या दणक्यांचा ट्रॅक, पुढे सांगतो) असं वेगळं लिहिलेलं असेल तर त्यावर. कारण गाळायचं काम रिसीव्हर करतोच, सबवर परत दुसरी चाळणी लावली तर दोन्ही मिळून मधला तुकडा खाऊन टाकतात, मग बेस आहे पण भरीव नाही असं वाटतं.

मग केबल. रिसीव्हरच्या मागे सबवूफर किंवा सब प्री आउट असं लिहिलेल्या खोबणीत हवी. मोबाईलचा टॉर्च लावून वाचा, हाताने चाचपून घालू नका. हे का सांगतो, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो होतो, रिसीव्हर शोकेसमध्ये भिंतीला चिकटून, मागे हात जेमतेम जातो. काका म्हणाले, सब दोन वर्षं मस्त वाजतोय, हल्लीच कमी झाला. मी टॉर्च मारला तर केबल केशरी खोबणीत! ती डिजिटल कोॲक्सियल इनपुटची असते, दिसायला सेम टु सेम आरसीए. म्हणजे सब दोन वर्षं एक अक्षर बोलला नव्हता, काका समोरच्या टॉवर स्पीकरचा बेस ऐकून खूश होते. केबल योग्य जागी लावली आणि पहिल्याच स्फोटाला शोकेसमधल्या काचेच्या बशा वाजल्या, काकू आतून धावत आल्या. अशाच चुका झोन २ च्या (दुसऱ्या खोलीत आवाज न्यायच्या) खोबणीत घालण्याच्या पण होतात, सरळ कुठल्यातरी इनपुटमध्ये घालण्याच्या पण.

सबच्या बाजूला दोन खोबणी असतात डावी-उजवी. एकीवर एलएफई किंवा मोनो लिहिलेलं असेल तर तीच वापरा, एक केबल पुरते.

मोबाईलची टेस्ट, माझी सगळ्यात लाडकी

खिशातली ती केबल हीच. एका बाजूला ३.५ एमएमची हेडफोनची पिन, दुसऱ्या बाजूला दोन आरसीए. शंभर-दोनशे रुपयांत मिळते, फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाईप सी चा डोंगल घ्या. रिसीव्हरची केबल सबमधून काढा, सबचा नॉब खाली करा, फोन सरळ सबला जोडा, बेसवालं गाणं लावा आणि नॉब हळूहळू वाढवा.

वाजला? मग सब ठणठणीत आहे, दोष रिसीव्हरच्या सेटिंगचा किंवा मधल्या केबलचा. नाही वाजला? मग दोष सबचाच, मेनूमध्ये रात्र काढू नका. दोन मिनिटांत अर्धं घर बाद होतं, म्हणून हे मी मेनूच्या आधी करतो. लोक उलटं करतात, तीन तास सेटिंग चाळतात आणि शेवटी कळतं की सबचा फ्यूज गेलेला.

एक सावधगिरी, केबल काढताना घालताना सबचा आवाज पूर्ण खाली किंवा सब बंद. चालू सबमध्ये अर्धवट घातलेली पिन जो ढब्ब आवाज काढते त्याने कोन बाहेर येईल असं वाटतं. आणि ढोल-ताशा पथकाचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ लावून सब तपासू नका, मी केलंय हे. मोबाईलच्या माईकने ढोलाचा खालचा दणका नीट पकडलेलाच नसतो, मग सबला कशाला शिव्या. स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं काहीतरी लावा.

सब वाजला तर आता तीच रिसीव्हरवाली केबल तपासायची. दुसरी कुठलीही साधी आरसीए केबल, जुन्या डीव्हीडीची पिवळी असली तरी चालेल, ती लावून बघा. शोकेसच्या मागे दाबली गेलेली, किंवा उंदराने कुरतडलेली केबल बाहेरून चांगली दिसते आणि आतून तुटलेली असते. आणि कोकणपट्टीत किंवा समुद्राजवळ राहात असाल तर पावसाळ्यात पिनांवर काळपट थर येतो, बंद करून आठ-दहा वेळा पिन आत-बाहेर फिरवली तरी फरक पडतो.

रिसीव्हरचा मेनू, खरा गोंधळ इथे

इथे जरा वेळ देतो कारण "सिनेमात वाजतो, गाण्यात नाही" हे कोडं इथलंच आहे.

५.१ मधला तो .१ म्हणजे एलएफई, सिनेमावाल्यांनी दणक्यांसाठी ठेवलेला वेगळा ट्रॅक, १२० हर्ट्झपर्यंतचाच. गाणं मात्र साधं स्टिरिओ असतं, डावं आणि उजवं, त्यात एलएफई नावाचा प्रकारच नाही. मग गाण्यातला बेस सबकडे कोण पाठवतो? रिसीव्हर पाठवतो, पण तुम्ही त्याला सांगितलं असेल तरच. समोरचे स्पीकर मेनूमध्ये लार्ज केलेले असतील तर रिसीव्हर समजतो की हे मोठे आहेत, सगळा बेस हेच पेलतील, आणि सबला फक्त एलएफई देतो. गाण्यात एलएफई नाही म्हणजे सब गप्प. त्याची काही चूक नाही, त्याला कोणी कामच दिलं नाही.

म्हणून स्पीकर सेटअपमध्ये जा आणि सबवूफर यस करा, समोरचे स्पीकर स्मॉल करा (लोकांना इथे अपमान वाटतो, "माझे टॉवर साडेतीन फुटाचे आहेत आणि स्मॉल काय", अहो ते उंचीबद्दल नाहीये, खालचा बेस कोणी वाजवायचा एवढंच ठरतंय), क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. ८० हा आकडा टीएचएक्सवाले (सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणारे) फार पूर्वीपासून सुचवतात आणि बहुतेक घरांत तो ठीक बसतो, अगदी छोटे सॅटेलाईट स्पीकर असतील तर १०० किंवा १२० करा. डेनॉन, मरांट्झमध्ये बेसच्या पानावर एलएफई आणि एलएफई प्लस मेन असे दोन पर्याय असतात, यामाहात एक्स्ट्रा बेस नावाचा पर्याय असतो. स्पीकर लार्ज ठेवायचा हट्टच असेल तर हे चालू करा म्हणजे दोघांना बेस जातो, पण मला तो गढूळ वाटतो, माझं मत स्मॉलच.

दुसरा चोर म्हणजे प्युअर डायरेक्ट किंवा डायरेक्ट मोड. रिमोटवर चुकून दाबलं जातं, लहान मुलं तर हमखास दाबतात. त्यात रिसीव्हर सगळी प्रक्रिया बाजूला ठेवतो, बरेचदा बेस वाटून देण्याची पण, मग स्टिरिओ गाण्यात सब बंद. मोड बदलून स्टिरिओ करा आणि बघा.

तिसरा चोर टीव्हीत बसलेला असतो. एचडीएमआय एआरसीने टीव्हीचा आवाज रिसीव्हरला जातो तेव्हा टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये पीसीएम निवडलेलं असेल तर ५.१ सिनेमा पण दोन चॅनलमध्ये दाबून येतो, आणि तसं दाबताना एलएफईचा ट्रॅक साधारणपणे टाकूनच दिला जातो. टीव्हीत बिटस्ट्रीम, ऑटो किंवा पास थ्रू यातलं जे असेल ते करा. मग रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बी असं काहीतरी उमटलं पाहिजे. नुसतं पीसीएम किंवा स्टिरिओ दिसत असेल तर ५.१ येतच नाहीये. अर्थात चॅनलवरचा कार्यक्रमच स्टिरिओ असेल तर स्टिरिओच दिसणार, त्यासाठी ५.१ असलेला सिनेमा लावूनच तपासा.

हे सगळं केलं की रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा. एकेका स्पीकरमधून खर्रर आवाज फिरत येतो, सबची पाळी आली की जाड घुरघुर यायला हवी. आली म्हणजे वायरिंग आणि रिसीव्हर दोन्ही बरोबर, आता काय ते मोड आणि टीव्हीचं.

झोपणारा सब

हे मला कळायला फार वेळ लागला होता, म्हणून आवर्जून लिहितोय. तक्रार अशी असते की माईक लावून ऑटो सेटअप (रिसीव्हर स्वतःच सगळे स्पीकर मोजून आवाज जुळवतो ते) केल्यापासून सब मधूनमधून झोपतो.

होतं असं, सबचा नॉब आपण हौसेने तीन चतुर्थांश वर ठेवलेला असतो. ऑटो सेटअप (ऑडिसी, वायपीएओ, जे असेल ते) बघतं की सब फार जोरात आहे, म्हणून रिसीव्हरमधून सबला जाणारा सिग्नल कमी करतं, अगदी उणे १२ डेसिबलपर्यंत. आता तारेतून सबला इतका बारीक सिग्नल मिळतो की ऑटो मोडमधल्या सबला वाटतं कोणी काही वाजवतच नाहीये, आणि तो झोपतो. मेनूत जाऊन स्पीकर लेव्हल बघा, सबसमोर उणे १२ दिसलं तर चोर सापडला. सबचा नॉब खाली घ्या, निम्म्याच्याही खाली, आणि ऑटो सेटअप परत करा. रिसीव्हरचा आकडा उणे ३ ते उणे ९ च्या मध्ये कुठेतरी आला की ठीक. ऐकायला आवाज तेवढाच, पण तारेतला सिग्नल तगडा, सब जागा राहतो.

एवढ्यानेही झोपत असेल तर एका आरसीएचे दोन करणारी वाय केबल लावून सबच्या डाव्या-उजव्या दोन्ही खोबणींत सिग्नल द्या, बऱ्याच सबना तो वाढीव मिळतो. आणि सगळं फेल गेलं तर सरळ ऑनवर ठेवा आणि रात्री बोर्डावरून बंद करा. आमच्या घरी असंच आहे.

जाता जाता, ऑटो सेटअपनंतर सब दहा फुटांवर असताना मेनूत पंधरा फूट दाखवत असेल तर हात लावू नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला जो उशीर होतो तो धरून तो आकडा येतो. टेप घेऊन मोजून "दुरुस्त" करणारे लोक मला माहीत आहेत.

घुं...

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घुं ५० किंवा १०० हर्ट्झची, फ्रीजचा कॉम्प्रेसर लागल्यावर येते तशी पण न थांबणारी. सब नेमका तिथलाच आवाज उचलून देतो म्हणून सबमध्येच ती ऐकू येते, बाकी स्पीकरमध्ये फार नाही.

शोधायची पद्धत म्हणजे एकेक तार काढत जायचं. सबमधून आरसीए काढा. तरी घुं चालूच? मग सबच्या आतलं आहे, पुढे बघू. थांबली? मग केबल सबला परत लावा आणि रिसीव्हरचं टोक काढा. आता जोरात गुंगाट आला तर घाबरू नका, मोकळं टोक अँटेना बनतं, त्यावरून निष्कर्ष नको. परत जोडा आणि सेटटॉप बॉक्सची मागची केबलवाल्याची किंवा डिशची जाड गोल वायर काढून बघा. निम्म्याहून जास्त वेळा मी इथेच थांबतो, वायर निघाली की घुं गायब.

कारण ती वायर गच्चीवरून किंवा केबलवाल्याच्या खांबावरून येते, तिची जमीन वेगळी, आणि सबच्या तीन पिनी प्लगमधून येणारी तुमच्या घरची जमीन वेगळी. दोन्हींच्या मध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतो आणि तो तुमच्या आरसीए केबलच्या जाळीतून वाहायला लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. त्या केबलवाल्या वायरीत लावायचा छोटा आयसोलेटर मिळतो, पण डिश असेल तर विचारून घ्या, कारण त्याच वायरीतून वर डिशच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी असलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज जाते आणि साधा आयसोलेटर ती अडवतो. आरसीएच्या लाईनीत लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर पण येतो, गाडीच्या ॲक्सेसरीच्या दुकानातसुद्धा, स्वस्तातला मात्र अगदी खालचा बेस थोडा खातो, आत बारकं ट्रान्सफॉर्मर असतं म्हणून.

त्याआधीचा फुकट उपाय म्हणजे सब, रिसीव्हर, टीव्ही, बॉक्स सगळं एकाच बोर्डावरून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शनमधून घ्या. सब हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणि दुसऱ्या बोर्डावर असेल तर तपासण्यापुरतं तरी लांब एक्स्टेन्शन ओढून बघा.

आता हात जोडून सांगतो, सबच्या प्लगची मधली जाड अर्थची पिन तोडू नका. "दोन पिनवर लावलं की आवाज जातो" असं सांगणारे महाभाग आहेत, आणि खरंच जातो हो, पण उद्या आत कुठे फेज बॉडीला लागली तर ती तुमच्या हातातून जमिनीत जाणार. रिसीव्हरच्या किंवा सबच्या धातूच्या पाटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, विशेषतः अनवाणी पायाने, तर तुमच्या बोर्डात अर्थिंग आहे का हेच आधी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या बिल्डिंगांत तीन पिनी सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच जोडलेली नसते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते मोजणं त्याचं काम, आपलं नाही.

घुं ऐवजी बारीक झर्रर असेल आणि पंख्याचा स्पीड बदलल्यावर त्याचा सूर बदलत असेल तर गुन्हेगार पंख्याचा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवून घ्या. आणि लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरच झर्रर येत असेल तर तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हवाला असणार, सबला त्याच्यावर चालवूच नका.

वाजतो पण सोफ्यावर पोचत नाही

यात बिघाड काहीच नाही. बारा फूट लांबीच्या हॉलमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज दोन्ही भिंतींशी जोरात आणि बरोबर मधोमध जवळपास शून्य होतो, भिंतींमध्ये लाटा आपटून तसं घडतं. सोफा मधोमध असेल तर तो बेस तुम्हाला मिळणारच नाही, नॉब कितीही पिळा, खालचे शेजारी तेवढे वर येतील. सोफा किंवा सब दोन-दोन फूट सरकवून बघा. किंवा उलटं करा, सब उचलून सोफ्यावर ठेवा, बेसवालं गाणं लावा आणि सब ठेवता येईल अशा जागांवर ओणवं होऊन कान नेत फिरा, जिथे बेस भरीव लागेल तिथे सब. घरचे हसतील, हसू दे.

सबच्या मागे फेजचं (विजेची फेज नव्हे, सबचा आवाज बाकी स्पीकरच्या तालात आणायचं) बटण ० आणि १८० असं असतं. सोफ्यावर एकाला बसवा, दुसऱ्याने बटण बदला, ज्यात बेस जास्त वाटेल तिथे सोडा. यात बरोबर-चूक नाही, जास्त-कमी एवढंच.

आता खरंच सब बिघडलाय असं वाटत असेल तर

दिवा लागत नाही. बोर्डात दुसरं काही लावून वीज आहे का बघा, मग सबचा प्लग काढा, आणि मागे वायर घुसते तिथे शेजारी फ्यूजची छोटी खिडकी असते ती बघा. काचेचा फ्यूज आत काळा किंवा तार तुटलेली. पाटीवर लिहिलेल्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा (आकड्याआधी टी लिहिलेलं असतं, म्हणजे सावकाश जळणारा) नवा घाला. एकदाच. तोही लगेच गेला तर तिसरा घालायचा नाही, मोठ्या अँपिअरचा तर अजिबातच नाही, आणि सिगारेटची चांदी गुंडाळायची आपली जुनी विद्या इथे दाखवायची नाही.

टर्रर येत असेल तर सब बंद करून, जाळी काढून, कोनच्या मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं पसरून अगदी हलकं सरळ आत दाबा. सुळकन आत-बाहेर झाला पाहिजे. खसखस लागत असेल तर कॉइल घासतेय. कोनच्या कडेचं मऊ वेटोळं फोमचं असेल तर आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत ते भुगा होतं, बोट लावलं की काळी पूड हाताला. रबराचं सहसा टिकतं. वेटोळं बदलून देणारे स्पीकर दुरुस्तीवाले अजून आहेत, प्रत्येक मोठ्या गावात एखादा तरी, नवा सब घेण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. आणि हो, सबच्या गोल भोकात एकदा टॉर्च मारा. माझ्या मावशीकडे खरखर म्हणून गेलो तर आत नातवाचे दोन प्लॅस्टिकचे चेंडू आणि एक कोरडी पाल.

पॅसिव्ह सब असेल आणि जिवंत आहे का कळायचं असेल तर साधा पेन्सिल सेल त्याच्या दोन वायरींना क्षणभर लावा, कोन खुटकन हलतो. हलला म्हणजे कॉइल शाबूत.

इथे थांबायचं

जळका वास येतोय, सब चालू केल्यावर एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो, दुसरा फ्यूज पण गेला, हात लावल्यावर शॉक बसतो, किंवा चालू केल्यावर कोन पूर्ण बाहेर किंवा आत जाऊन तिथेच अडकून बसतो, यातलं एकही असेल तर प्लग काढा आणि माणूस बोलवा. कोन अडकला म्हणजे अँपमधून सरळ डीसी येतोय, अजून मिनिटभर चालू ठेवलं तर कॉइल पण जाते, मग खर्च दुप्पट. दिवा लागून विझतोय, टक-टक करतोय, किंवा आरसीए काढूनही घुं तशीच, ही पण आतल्या पॉवर सप्लायची लक्षणं. जुन्या सबांत बरेचदा फुगलेले कपॅसिटर निघतात, सोल्डरिंग येणाऱ्याला फार अवघड काम नाही.

पण मागची पाटी स्वतः उघडू नका. २३० व्होल्ट सरळ झाले की आत ३२५ च्या आसपास डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये तसाच बसून असतो. मला सोल्डरिंग येतं, तरी मी हे दुरुस्तीवाल्याकडेच देतो.

देताना अख्खा सब न्या, नुसती पाटी नको, त्याला वाजवून बघता आलं पाहिजे. आणि फोनवरून सरळ सबला लावून काय झालं ते सांगा, केबल कुठली काढल्यावर काय झालं ते सांगा, तुम्हाला उगाच दोन खेपा पडणार नाहीत.

सब दुरुस्तीला गेला की रिसीव्हरच्या मेनूत सबवूफर नो करून ठेवा, समोरचे स्पीकर बहुतेक आपोआप लार्ज होतात, नाहीतर हाताने करा, म्हणजे तो बेस निदान त्यांच्यातून तरी येईल. फक्त सब परत आल्यावर ते यस आणि स्मॉल करायला विसरू नका. गेल्या महिन्यात एकजण विसरला, दुरुस्त झालेला सब वाजत नाही म्हणून दुरुस्तीवाल्याशी भांडून आला, आणि रविवारी दुपारी मला फोन.